रात्रभर पुरेल इतकं ऊन

लिफ्टवाल्या दादांना त्यांच्या बायकोनं घराबाहेर काढलं, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता फुटली आणि आठ वाजेपर्यंत तिला दोन पोरं झाली होती. एक म्हणे, दादा प्यायला लागलेत. दुसरं म्हणे, त्यांचं बाहेर काहीतरी आहे. पुरावा एवढाच, की सहासष्ट वर्षांचा हा गृहस्थ सलग तिसऱ्या सकाळी स्वतःच्या घरातून न निघता समोर उभ्या असलेल्या गाडीतून निघाला. अंगात पायजमा, काखेत उशी, डोळे सुजलेले. आणि निघाला तोही चोरासारखा, आधी दार बोटभर उघडून, गल्लीत कोणी नाही ना, हे बघून. कोणी नव्हतं. मी होतो, पण मी पडद्याआड होतो.

बातमीचं मूळ माझ्याकडे जातं, हे मी कशाला नाकारू? पण दारू आणि बाहेरचं लफडं ही भर इतरांची. मी फक्त म्हणालो होतो, "वहिनींनी अंथरूण बाहेर टाकलेलं दिसतंय." यात खोटं काय होतं? अंथरूण बाहेर होतंच.

चौथ्या सकाळी मला राहवेना. मी जाऊन गाडीच्या दारावर टकटक केली.

"या वार्ताहर," आतून आवाज आला. "आज काय छापलंय?"

"तुम्हाला वहिनींनी हाकललं, असं छापलंय."

"वा! आणि मी काय केलं होतं म्हणे?"

"त्यावर एकमत नाही."

दादांनी दार सरकवलं. आत, गाडीतच बसवलेल्या पलंगाशेजारी वहिनींचं ऑक्सिजनचं यंत्र उभं होतं, घरातलंच, निळं, चाकांवरचं. त्याची नळी उशीवर नीट ठेवलेली, जणू कोणी तिथं झोपलं होतं आणि आत्ता उठून तोंड धुवायला गेलंय. यंत्र मात्र गप्प होतं.

"दीड तास," दादा म्हणाले. "काल दीड तास चाललं आणि मान टाकली. परवाही दीड. त्याच्या आदल्या दिवशी पावणेदोन, पण तेव्हा मी दिवा लावला नव्हता."

"मग वहिनी काल रात्री यंत्राशिवाय?"

"वेडे आहात का? तिच्याजवळ दुसरं आहे, भाड्याचं आणलंय. हे इथं आणून मी तिच्या जागी झोपतोय. तिला इथं झोपवायच्या आधी कळायला नको का, किती तास पुरतं ते?"

मग बातमी दुरुस्त करून गल्लीत फिरवणं माझ्याकडे आलं. खरं सांगतो, खऱ्या बातमीला गिऱ्हाईक मिळेना. म्हातारा बायकोच्या श्वासाची रंगीत तालीम करतोय, यात कोणाला काय चघळायला मिळणार?

आता हे दादा कोण, ते सांगायला हवं. या माणसानं चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींचे खड्डे त्यांनी आतून पाहिलेत, पण एकाही इमारतीच्या गच्चीवर उभं राहून वारा खाल्लेला नाही. वर गेले ते मशीनच्या खोलीत, खाली आले ते खड्ड्यात. सुट्टीच्या दिवशीही उशाशी फोन, आणि फोन वाजला की कुठंतरी कोणीतरी अडकलेलं. बंद दाराला तोंड लावून दादा आधी विचारायचे, "आत किती जण?" मग म्हणायचे, "मी आलोय. आता घाई नाही." घाबरलेल्या माणसाला बाहेरून गप्पांत गुंतवून ठेवायची त्यांची हातोटी अशी, की एकदा म्हणे आतल्या बाई बाहेर आल्यावर रुसल्या, गोष्ट अर्धी राहिली म्हणून. बाहेरच्या मोकळ्या माणसाशी मात्र हे चार शब्द बोलणार नाहीत. मला त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं असेल, तर मधे एखादं दार लागतं.

वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. दोघांचं ठरलेलं होतं, काय फिरायचं ते निवृत्तीनंतर. निवृत्तीला सहा महिने उरले असताना दादांनी एक जुनी मोठी व्हॅन घेतली. ती आधी पावाच्या कारखान्यात होती आणि पहिली दोन वर्षं गाडीत शिरलं की भूक लागायची. दादांनी स्वतःच्या हातानं तिच्यात पलंग केला, ओटा केला, कपाटं केली. प्रत्येक कपाटाच्या दाराला अशी कडी, की गाडी उलटी झाली तरी चमचा बाहेर येणार नाही. दोन सहली झाल्या. तिसरी ठरली होती वहिनींच्या आक्काकडे, डोंगरात, दोन मुक्कामांवर.

तेवढ्यात वहिनींची फुप्फुसं बिघडली. डॉक्टर म्हणाले, दिवसा जमेल तेवढं जमू दे, पण रात्री झोपताना ऑक्सिजन पाहिजेच, रोज, आठ तास, खंड नको. यंत्र आलं, भिंतीतल्या प्लगला लागलं, आणि वहिनीही त्या प्लगला लागल्या. सहा वर्षं. सहा वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुठल्याही छताखाली डोळा मिटलेला नाही.

आक्का एक्क्याऐंशी वर्षांच्या. आईमागे त्यांनीच वहिनींना वाढवलं, वेण्या घातल्या, पाढे पाठ करून घेतले, आणि चुकलं की कान पिळला. त्या डोंगर सोडून यायच्या नाहीत. मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत, त्यांना कोण बघणार? आणि तिथं वीज येते ती पाहुण्यासारखी, आली तर आली. त्यामुळे नुसती गाडी करून जावं आणि आक्कांच्या घरातल्या प्लगला यंत्र लावावं, ही सोय नाही. वाटेत दोन रात्री आणि पोहोचल्यावर पुढच्या सगळ्या रात्री, वीज आपली आपण नेली पाहिजे.

रविवारी सकाळी दोघी फोनवर बोलायच्या. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या बैठकीसमोर, त्यात माझा काय दोष? एका रविवारी वहिनी बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नको ना असं बोलूस." फोन ठेवला, तरी हात फोनवरच होता. दादांनी विचारलं, "काय म्हणाली?" वहिनी म्हणाल्या, "म्हणाली, आता तू ये. पुढच्या वर्षी ये असं मी यापुढे म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी दादा यंत्र ढकलत गाडीत घेऊन गेले.

तर जुन्या सामानावर दीड तास. गाडीत पहिल्यापासून होत्या दोन ॲसिडच्या बॅटऱ्या, वजनाला म्हशी आणि कामाला मांजरी. त्यांचा स्वभाव असा, की निम्म्याहून जास्त वीज काढली की त्या कायमच्या बसतात. म्हणजे नावाला दोन, कामाला एकच. वर स्वस्तातला इन्व्हर्टर. बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करून देणं हे त्याचं काम, पण तो द्यायचा ती इतकी खडबडीत, की यंत्र त्यावर चालायचं नाही, कण्हायचं.

दादांनी सगळं उपटलं. ॲसिडच्या बॅटऱ्या उतरवायला मला हाक मारली. पहिली उतरवताना माझ्या कमरेनं जो आवाज केला, तो दादांनी वीज मोजायचा मल्टीमीटर खाली ठेवून ऐकला.

"तुमचंही काही सैल झालंय," ते म्हणाले.

नव्या लिथियमच्या दोन आल्या. त्यातली एक मी एकट्यानं उचलली आणि मुद्दाम गल्लीच्या बाजूनं फिरवून आणली, लोकांनी बघावं म्हणून. निम्म्या वजनाची, दुप्पट ताकदीची, आणि अगदी तळापर्यंत वापरली तरी कुरकुर नाही. दादांनी तिचा कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि म्हणाले, "असं लिहिलंय खरं." विश्वास बसलेला नव्हता. हे मी तेव्हा बघितलं होतं आणि विसरून गेलो.

तीन आठवडे काम चाललं. अंगठ्याएवढ्या जाड वायरी, प्रत्येक टोक दाबून बसवलेलं, ओढून बघितलेलं, पुन्हा ओढून बघितलेलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. नवा इन्व्हर्टर पलंगाखाली, त्याला वारा मिळावा म्हणून फळीला जाळी. गाडी चालू असताना इंजिनाकडून वीज भरून घेणारी एक वेगळी पेटी, कारण या नव्या बॅटऱ्या एवढ्या अधाशी, की थेट जोडल्या तर इंजिनाचा डायनामो जाळून पितील. आणि दाराशेजारी हाताएवढा पडदा, त्यावर एक आकडा. शंभर म्हणजे भरलेली, शून्य म्हणजे संपलेली. वहिनी तो आकडा बघायला दिवसातून चारदा यायच्या. यायला त्यांना दहा पावलं, पण तेवढ्यात दोनदा थांबायच्या. शाळेतली सवय, मोठ्यानं वाचायच्या. "एकोणनव्वद!" जणू कोणाला पेपरात मिळालेत.

सगळ्यात लांबलं ते छत. सौर पॅनेल तीन, ते बसवायचे तर गाडीच्या छताला भोक पाडावं लागणार. हा माणूस शिडीवर ड्रिल घेऊन दोन सकाळी नुसता उभा. तिसऱ्या सकाळी वहिनींनी खिडकीतून विचारलं, "अहो, तुम्ही भोक पाडताय की त्याची परवानगी मागताय?"

"एकदा पाडलं की पाडलं. पाऊस आत येईल."

"सहा वर्षं पाऊस बाहेरच आहे, काय उपयोग झाला त्याचा?"

दादांनी भोक पाडलं. वर वायरी आत घ्यायची डबी बसवली, भोवती डिंकासारखं काळं पट्टीभर लावलं, आणि नंतर तासभर नळीनं पाणी मारलं. आत मी, तोंड वर करून, थेंब शोधत. एकही थेंब नाही. मान तेवढी आठ दिवस वर राहिली.

मग उन्हाचा प्रश्न आला, आणि यात माझा विजय आहे, म्हणून सविस्तर सांगतो. गल्लीत गाड्या लावायच्या जागा दोन. एक झाडाखाली, एक उन्हात. झाडाखालच्या जागेवर दादांचा अकरा वर्षं कब्जा. मी किती वेळा म्हणालो, आळीपाळीनं लावू. नाही. माझी गाडी उन्हात अशी तापायची, की आत बसण्याआधी पार्श्वभागाला मानसिक तयारी करायला लागायची. आता पॅनेल बसले, उन्हाची वीज बॅटरीत भरणारा कंट्रोलर लावला, आकडा बघितला तर हलेना. झाडाखाली ऊन कुठलं? दादा माझ्या दारात आले. हातात माझंच एक ताट, जे वहिनींनी मागच्या वर्षी नेलं होतं.

"जागा बदलता का?"

"विचार करावा लागेल," मी म्हणालो. अकरा वर्षांनी आलेलं वाक्य, मी ते असं सहज थोडंच गिळणार?

"करा. मी उभा आहे."

"झाडाखाली पक्षी घाण करतात म्हणे."

"तुम्हीच अकरा वर्षं ती घाण मागत होतात."

बदलली. त्या दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या पडद्यावरचा आकडा चढताना आम्ही तिघांनी बघितला. एकाहत्तर, बाहत्तर. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, तोंडावर ऊन घेत. म्हणाल्या, "रात्री माझ्या नाकात जाणार ते हेच का?" दादा म्हणाले, "हेच." त्या आणखी थोडा वेळ बसल्या.

दादा पुन्हा एकटे झोपून बघायला गेले. या खेपेला मुद्दाम सगळं एकदम चालू ठेवून. यंत्र, पंखा, दिवा, दोनदा पाण्याची किटली. लिफ्ट तपासताना म्हणे तिच्यावर पेलेल त्याहून जास्त ओझं टाकतात, तसं. सकाळी यंत्र चालूच होतं, आकडा एकतीस. मी टाळ्या वाजवल्या. दादांचा चेहरा मात्र पडलेला.

"निम्म्याच्या खाली गेली," ते म्हणाले.

"पण चालली ना?"

"चालली. पण निम्म्याच्या खाली गेली."

वाटलं, म्हाताऱ्याची कुरकुर. ते दिवसभर पलंगाखाली शिरून काहीतरी करत होते. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा हिशेब सांगितला. पंखा नको, किटली नको. नुसतं यंत्र, दहा ते सहा, आठ तास. शंभरपासून निघालं की सकाळी बावन्न उरतात. ठीक आहे. उद्या हिला झोपवू.

दुसरा दिवस लख्ख उन्हाचा. संध्याकाळी आकडा शंभर. वहिनींनी धुतलेली चादर घातली, उशीला नवा अभ्रा, आणि जेवण लवकर उरकून साडेआठलाच गाडीत जाऊन आडव्या झाल्या. दादा मागून हाका मारतायत, "अगं, दहाला जायचं ठरलंय!" "तुम्ही या दहाला," वहिनी आतून म्हणाल्या. नळी लावलेली, यंत्र सुरू. मी सहज तिथून जात होतो. म्हणजे तिथंच उभा होतो. पलंगाशेजारच्या खिडकीची काच त्यांनी सरकवली होती आणि बघत होत्या. काय दिसत होतं? आमची भिंत, माझी गाडी, झाडाची एक फांदी. रोज घरातून दिसतं तेच. पण सहा वर्षांनी त्यांची उशी भिंतीपासून सुटली होती. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, इथून तुमचं घर वेगळंच दिसतं हो." मी म्हणालो, "भाड्यानं घ्यायचंय का?" त्या हसल्या आणि खोकल्या.

पहाटे पाचला दहा मिनिटं कमी असताना गल्लीत चीत्कार झाला. ऑक्सिजनच्या यंत्राची वीज गेली की ते असं ओरडतं. मी अनवाणी धावलो. तोवर दादांनी जवळच ठेवलेल्या छोट्या सिलिंडरची नळी त्यांना लावली होती आणि हाताला धरून घराकडे नेत होते. वहिनी चालत होत्या, ठीक होत्या. दहा पावलांच्या त्या वाटेवर दादा दर पावलाला म्हणत होते, "मी आहे. मी इथंच आहे. घाई नाही."

सकाळी त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. पॅनेलांसकट.

"झालं," मला म्हणाले. "प्रयोग संपला. डोंगरात असं झालं असतं तर?"

मी ताडपत्रीची दोरी बांधायला हात लावला.

तीन दिवस ताडपत्री तशीच. त्या घरातला आवाजच गेला. वहिनी भांडल्या असत्या तर मला कळलं असतं. त्या भांडल्या नाहीत, हे वाईट होतं. खिडकीत बसायच्या आणि झाकलेल्या गाडीकडे बघायच्या. रविवारी फोन आला. "नाही जमत गं," एवढंच म्हणाल्या. पलीकडून आक्का काय बोलल्या ते कळलं नाही, पण वहिनींनी फोन कानापासून लांब धरला, जणू तिकडून कान पिळला होता.

त्याच दुपारी वहिनी घरातून निघाल्या, दोनदा थांबल्या, गाडीपाशी आल्या आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागल्या. मी धावत जाऊन मदत केली. काय करायचंय, हे विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी न विचारलेले प्रश्न मोजके आहेत, त्यातला हा एक.

त्या आत शिरल्या. दाराशेजारच्या पडद्यावर आकडा होता.

"पन्नास," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा, हळू, "पन्नास?"

ताडपत्रीचा आवाज ऐकून दादा दारात आले होते.

"अहो, हे पन्नास म्हणजे काय?"

"म्हणजे निम्मी भरलेली."

"ताडपत्रीखाली भरली?"

"नाही. ऊन नव्हतं. भरायची कशी?"

"म्हणजे त्या पहाटेपासून पन्नासच आहे."

"हो."

"मग त्या पहाटे बंद कशी पडली?"

दादा चष्मा पुसायला लागले.

"मी काय विचारते? निम्मी वीज शिल्लक असताना बंद कशी पडली?"

"पडली नाही," दादा म्हणाले. "मी पाडली. म्हणजे, मी तसं लावून ठेवलं होतं. पन्नासला आली की सगळं तोडायचं. पलंगाखाली."

मला हसू आवरेना, पण वहिनींचा चेहरा बघून मी ते खोकल्यात बदललं.

"का?"

"निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नसते."

"हे जुन्या बॅटऱ्यांचं. नवीच्या कागदावर काय लिहिलंय? तुम्ही चारदा वाचला होतात ना?"

"लिहिलंय खरं," दादा म्हणाले. "पण समजा कागद खोटा असला तर? म्हटलं, हातात निम्मी राहिलेली बरी. लिफ्टमध्ये काहीही शंका आली, की लिफ्ट थांबते. दार नीट लागलं नाही, थांब. दोर ताणला गेला, थांब. थांबलेल्या लिफ्टमध्ये कोणी मरत नाही गं. चौतीस वर्षं मी माणसं तशीच वाचवली, थांबवून."

"आणि मला?"

"तुझ्या बाबतीत थांबणं हेच..." ते पायरीवर बसले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुझ्यासाठी सगळ्यात सुरक्षित ते केलं, आणि तेच नेमकं तुझा श्वास तोडणारं होतं. हिशेब बरोबर होता माझा. बावन्नला थांबणार होतं. तू दीड तास आधी जाऊन पडलीस."

"हो, पडले," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षांनी बाहेर झोपणार होते. मला दहापर्यंत धीर धरवेना, ही माझी चूक. पण पन्नास उरलेले असताना शून्य उरले असं वागायचं, हे कुठलं गणित? एखाद्या मुलानं माझ्या वर्गात असं केलं असतं ना, तर मी त्याच्या बापाला बोलावलं असतं."

"माझा बाप आता येणार नाही," दादा म्हणाले.

"मग स्वतःच काढा ते. आत्ता. माझ्यासमोर."

आणि त्या दाराशी ठाण मांडून बसल्या. दादा पलंगाखाली शिरले. नुसते दोन पाय बाहेर. मी टॉर्च धरला. त्यांनी ती तोडणारी जोडणी सोडवली आणि तिच्या जागी एक भोंगा लावला. तीस उरले की नुसता ओरडेल, काही तोडणार नाही. मग काय ते माणसांनी ठरवायचं.

"म्हणजे काम काही करायचं नाही, नुसता गलका करायचा," मी म्हणालो. "याला माझं नाव द्या."

"तुम्ही तीसपर्यंत कुठं थांबता?" पलंगाखालून आवाज आला.

ताडपत्री गेली. दोन दिवस ऊन खाऊन गाडी शंभरला आली. तिसऱ्या संध्याकाळी वहिनी पुन्हा झोपायला गेल्या, या वेळी आठलाच, हट्टानं. सकाळी सातला मी चहाचा थर्मास घेऊन दार वाजवलं, तेव्हा दादा दारातच बसलेले, रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला, आणि आत वहिनी गाढ झोपेत. यंत्र श्वास टाकत होतं. आकडा चौतीस. दादांनी ओठांवर बोट ठेवलं. मला! आणि मी ते पाळलं, अख्खी पाच मिनिटं.

ते निघाले त्या सकाळी अर्धी गल्ली बाहेर होती, कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं, की हे काही निघत नाहीत, बघाच तुम्ही. निघाले. वहिनींच्या मांडीवर आक्कांसाठी काय काय, सिलिंडर पायाशी, भाड्याचं दुसरं यंत्र मागे. दादांनी आरशात तीनदा बघितलं, टायरला लाथ मारली, पुन्हा आत बसले. वहिनी म्हणाल्या, "चला आता, एक्क्याऐंशी वर्षांची आहे ती." आणि गाडी वळणापलीकडे गेली.

उन्हातली जागा मोकळी झाली. मी गाडी झाडाखालीच ठेवली. खरं म्हणजे आता दोन्ही जागा माझ्याच, पण उन्हातल्या जागेवर कोणी काही लावलं की मी बाहेर जाऊन सांगतो, इथं नको, ते यायचेत. रविवारी समोरच्या खिडकीत कोणी नसतं. स्वयंपाकघरात मी चहा करतो आणि ऐकायला काही नाही. आमच्या घरचे म्हणतात, तुम्ही अलीकडे आजारी दिसता.

नवव्या दिवशी मीच फोन केला. दादांनी उचलला. मागे कुठंतरी दोन बायकांचे आवाज, एकमेकांवर चढलेले.

"पोहोचलात ना नीट?"

"चौथ्या दिवशी. वाटेत एक मुक्काम वाढवला. नदीकाठी होतो, हिला तिथं आणखी एक रात्र झोपायचं होतं."

"वीज?"

"पुरते. काल ढग होते, सकाळी एकोणतीस उरले. भोंगा ओरडला."

"मग?"

"मग काय, आक्का म्हणाल्या, ह्याला गप्प करा. केला. थोड्या वेळानं ऊन आलं."

"आणि हा गलका कसला चाललाय मागे?"

"दोघी भांडतायत. लहानपणी आरसा कोणी फोडला, यावरून. कालपासून."

"कमाल आहे! सहा वर्षं भेटीसाठी जीव टाकत होत्या, आणि भेटून भांडतायत? बरं, ते जाऊ द्या. परत कधी येताय? जागा धरून ठेवलीय मी तुमची."

दादांचा आवाज एकदम खाली आला. दार मधे असल्यासारखा.

"हळू बोला. इथं तो विषय अजून कोणी काढलेला नाही. तुम्हीही काढू नका. आणि फोन मी तिला देणार नाही."